मे महिन्यात आई-वडील आणि लेकीसह पोर्तुगाल: मुक्काम कुठे करावा, पाणी किती गार असते आणि शाकाहारी माणसाने काय विचारावे

ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत ते, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, ७२ वर्षांचे वडील आणि ६८ वर्षांची आई असे पाच जण येण्या-जाण्यासकट दहा दिवस पोर्तुगालला जाणार आहेत. लिस्बन, पोर्तो, दक्षिणेकडचा आल्गार्व्हचा किनारा आणि जमल्यास स्पेनमधले सेव्हिल व बार्सिलोना असे त्यांच्या मनात आहे. मुलीला समुद्रात डुंबायचे आहे, आईंचे गुडघे दुखतात, आई-वडील शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. अशा वेळी गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने फिरावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली चौदा वर्षे पुण्याहून आठ-दहा जणांचे छोटे गट पोर्तुगालला घेऊन जाते आणि त्यांतल्या बहुतेक गटांत साठीच्या पुढचे दोन-तीन जण असतातच. त्या अनुभवावरून सांगते की, आपण प्रश्न गाडीचा विचारला असला तरी आपली खरी अडचण मुक्कामांची आहे. दहा दिवसांतले विमानप्रवासाचे दिवस वजा केले की हाती आठ रात्री उरतात, आणि पाच शहरे त्या आठ रात्रींत बसवली तर आईंचा निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि जिने चढण्या-उतरण्यात जाईल. पोर्तुगाल निवडताना बहुतेक जण तिथले ऊन आणि निळा समुद्र पाहतात. ऊन तिथे भरपूर आहेच. पण सहल सुखाची होते की नाही, हे तिथला चढ, अटलांटिकचे गार पाणी आणि जेवणाच्या वेळा ठरवतात, आणि या तिन्ही गोष्टी छायाचित्रांत दिसत नाहीत.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. आई थांबत थांबत का होईना दोन मजले चढू शकतात की एक मजलाही जड जातो, मुलीला खरोखर पोहायचे आहे की वाळूत खेळून तिचे समाधान होईल, आणि स्पेन पाहण्याची ओढ कोणाला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे घरात बसून आधी मिळवावीत. खाली जे लिहिते आहे ते आईंना एका मजल्यापेक्षा जास्त चढवू नये, असे धरून लिहिले आहे.

स्पेनपासून सुरुवात करते. बार्सिलोना या सहलीतून काढून टाकावे. ते आयबेरियाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाच्या, दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे जायचे तर विमानच घ्यावे लागते. सेव्हिल त्या मानाने जवळ आहे, परंतु आल्गार्व्हमधील फारोहून तिथे थेट रेल्वे नाही, बसने जावे लागते आणि सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे करावे लागते. एका दिवसात जाऊन यायचे म्हटले तर सकाळ-संध्याकाळ बसमध्येच जाईल. लिस्बन ते पोर्तो सुमारे ३१५ किलोमीटर उत्तरेला आहे आणि लिस्बन ते फारो सुमारे २८० किलोमीटर दक्षिणेला. दोन्हीकडे वेगवान गाडीने तीन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे लिस्बन मधोमध आणि बाकीची दोन ठिकाणे विरुद्ध दिशांना, हे लक्षात घेतले की पोर्तो किंवा आल्गार्व्ह यांपैकी एकच निवडावे, हे आपोआप स्पष्ट होते.

कोणते निवडावे, हे समुद्र ठरवेल, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. गोव्यात किंवा आपल्या कोकणात जो समुद्र आपण लहानपणापासून पाहतो, त्याचे पाणी बहुतेक वर्षभर अंगाला कोमट लागते. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र ऐन उन्हाळ्यातही पाणी १६ ते १८ अंशांच्या आसपास असते. याचे कारण असे की, उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून जोराचा वारा वाहतो, ज्याला स्थानिक लोक ‘नोर्तादा’ म्हणतात. हा वारा आणि पृथ्वीचे फिरणे यांच्या एकत्रित परिणामाने किनाऱ्यालगतचे वरचे पाणी आत समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचे थंड पाणी वर येते. त्यामुळे वाळूवर पाय पोळत असताना पाण्यात पाऊल टाकताच माणूस दचकतो. याच खोलच्या पाण्याबरोबर माशांचे अन्न वर येते, म्हणून तिथे सार्डिन मुबलक मिळते, हा त्याचा दुसरा परिणाम. दक्षिणेकडे तोंड असलेल्या आल्गार्व्हचा किनारा या वाऱ्यापासून थोडा आडोशाला आहे आणि त्याच्या पूर्व भागात पाणी त्यातल्या त्यात उबदार असते. ऑगस्टमध्ये ते २० ते २२ अंशांपर्यंत जाते. मे महिन्यात मात्र तिथेही १७-१८ अंशच धरून चालावे. आपली मुलगी घोटाभर पाण्यात खेळेल, लाटांशी पळापळी करेल, किल्ले बांधेल, पण तासभर डुंबणार नाही. ही गोष्ट तिला आधीच समजावून सांगावी आणि शक्य असल्यास गरम पाण्याचा तलाव असलेले हॉटेल पाहावे.

समुद्राच्या सुरक्षेबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. जीवरक्षक बहुतेक किनाऱ्यांवर जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतात, म्हणजे मे महिन्यात ते दिसतीलच असे नाही. जिथे असतात तिथे झेंडा पाहावा: हिरवा असेल तर पोहता येते, पिवळा असेल तर पाण्यात उभे राहता येते पण पोहायचे नाही, आणि लाल असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचे नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. कोकणात भरती-ओहोटी पाहिलेल्यांना हे सांगावे लागत नाही, तरी सांगते: कड्यांच्या मधल्या चिमुकल्या पुळणींवर भरतीच्या वेळी परतीची वाट पाण्याखाली जाते, म्हणून भरतीची वेळ विचारल्याशिवाय तिथे उतरू नये आणि लाटेकडे पाठ करून उभे राहू नये. आल्गार्व्हच्या पिवळ्या-तांबूस कड्यांची सावली मोहात पाडते, पण ते ठिसूळ आहेत. २१ ऑगस्ट २००९ रोजी आल्बुफेइराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर असाच कडा कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. कड्याच्या पायथ्याशी चटई अंथरायची नाही, हा माझ्या गटातला पक्का नियम आहे. छायाचित्रांत दिसणारी बेनागिलची गुहा बोटीतून पाहता येते. २०२४ पासून तिथे पोहत जाण्यास आणि आतल्या वाळूवर उतरण्यास मनाई आहे.

या सगळ्याचा विचार करता मी आपल्याला पूर्व आल्गार्व्हमधले तवीरा सुचवेन. नदीकाठचे हे छोटे गाव आहे. नदीलगतचे रस्ते सपाट आहेत आणि गर्दीही पश्चिमेकडच्या गावांच्या मानाने बेताची असते. समुद्र आणि गाव यांच्या मध्ये रिया फोर्मोझाची खाजणे आणि वाळूची लांबट बेटे आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर जायचे म्हणजे छोट्या बोटीने पलीकडे जावे लागते, आणि मुलांना तोच प्रवास सर्वांत आवडतो. आईंसाठी त्याहून सोयीचा आहे बार्रिलचा किनारा: एक पूल ओलांडला की तिथे चिमुकली आगगाडी मिळते, जी खाजणातून सुमारे किलोमीटरभर नेऊन थेट वाळूपाशी सोडते. ही गाडी पूर्वी ट्यूना मासेमारीच्या कामासाठी होती. त्या मासेमारीचे शेकडो गंजलेले नांगर आजही तिथल्या वाळूत रांगेने उभे आहेत. ते दृश्य पाहून माझ्या गटातले लोक नेहमी थोडा वेळ गप्प होतात. मुलीला समुद्राचे फारसे अगत्य नाही असे ठरले, तर मात्र तवीराऐवजी पोर्तो घ्यावे. तिथे मे महिन्यात अधूनमधून पाऊस असतो आणि नदीकडे उतरणारे रस्ते लिस्बनइतकेच तीव्र आहेत, म्हणून मुक्काम नदीकाठच्या रिबेइरात न करता वरच्या त्रिंदाद किंवा बुल्याँव भागात करावा.

आता चढाबद्दल, कारण आईंच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे आणि त्याचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत. वर्षानुवर्षे घासून ते गुळगुळीत झालेले आहेत आणि थोडा पाऊस पडला तरी त्यांवरून पाय सटकतो. म्हणून सपाट चामडी तळव्याच्या चपला घरी ठेवाव्यात आणि रबरी तळव्याचे, आधीपासून वापरात असलेले बूट घालावेत. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर नदीलगतचा बायशा भाग सरळ रेषांत नव्याने बांधला गेला, म्हणून तो सपाट आहे. शेजारचा अल्फामा भूकंपातून बऱ्याच अंशी वाचला, म्हणून तिथे जुने अरुंद बोळ आणि पायऱ्या जशाच्या तशा राहिल्या. अल्फामा पाहायला सुंदर आहे, पण तिथे मुक्काम करू नये. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने माझा सल्ला बाजूला ठेवून तिथे चौथ्या मजल्यावरचे घर घेतले होते. जाहिरातीत खिडकीतून दिसणारी नदी होती, उद्‌वाहनाचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि तो नाही म्हणून कोणाला खटकलाही नाही. आजी पहिल्या संध्याकाळी वर गेल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली उतरल्याच नाहीत, आणि शेवटी आम्हाला त्यांची सोय दुसरीकडे करावी लागली. घर घेताना ‘एलेव्हादोर’, म्हणजे लिफ्ट, आहे का आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का, हे दोन्ही लेखी विचारावे. पुष्कळ इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच सात-आठ पायऱ्या असतात.

मी ज्येष्ठांना घेऊन जाते तेव्हा साल्दान्या परिसरात राहते. तिथे रस्ते रुंद, बरेचसे सपाट आहेत, इमारतींना लिफ्ट आहेत, सुपरमार्केट जवळ आहे आणि विमानतळाहून येणारी मेट्रोची लाल मार्गिका थेट तिथे येते. जुन्या शहरात वर जायचे असेल तेव्हा पायऱ्या टाळणारे काही मार्ग आहेत, ते लिहून ठेवावेत. बायशा-शियादु मेट्रो स्थानकाचे एक तोंड खाली बायशात आणि दुसरे वर, शियादु या उंचावरच्या भागात, उघडते, आणि मधले सरकते जिने चालू असतील तर तो सगळा चढ उभ्या उभ्या पार होतो. जुन्या शहराच्या टेकडीवरच्या किल्ल्याच्या बाजूला जायचे तर रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत विनामूल्य सार्वजनिक लिफ्ट आहे. तिथून वर निघून थोडे चालले की एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट मिळते, जी जवळजवळ किल्ल्याच्या भिंतीखाली सोडते. टेकड्यांवर चढणाऱ्या जुन्या फ्युनिक्युलरवर, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यांवर, मात्र विसंबून राहू नये. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया फ्युनिक्युलरच्या भीषण अपघातात १६ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर ही वाहने थांबवून त्यांची तपासणी हाती घेतली गेली. म्हणून त्या त्या वेळी काय चालू आहे हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारावे.

२८ क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामचा हट्ट सगळेच धरतात. दहा वाजल्यानंतर तिच्यात उभे राहायलाही जागा नसते आणि खिसेकापू याच गर्दीची वाट पाहत असतात. आपण सकाळी साडेआठच्या आत मार्तीं मोनीशला, म्हणजे सुरुवातीच्या थांब्यावर, गेलात तर आई-वडिलांना बसायला जागा मिळेल. नदीकाठच्या बेलें भागात जाण्यासाठी १५ क्रमांकाच्या ट्रामपेक्षा काइश दु सोद्रेहून सुटणारी लोकल बरी; ती काही मिनिटांत पोहोचवते. तिथला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. त्याच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ साली कोचीत वारला आणि आधी तिथेच पुरला गेला, हे मुलीला सांगितले तर त्या दगडी समाधीकडे ती जरा थांबून पाहील. १ मे रोजी बहुतेक संग्रहालये बंद असतात, हेही तारखा ठरवताना ध्यानात ठेवावे.

सिंत्रा या राजवाड्यांच्या गावी जायला रोसिउ स्थानकाहून लोकलने साधारण ४० मिनिटे लागतात, आणि लिस्बनमध्ये लख्ख ऊन असताना तिथे धुके आणि गारवा असू शकतो, म्हणून शाल बरोबर घ्यावी. रंगीत पेना राजवाड्याच्या तिकिटावर आत शिरण्याची वेळ छापलेली असते, आणि बागेच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंतचा खडा चढ हा वेगळा, ज्याचा वेळ लोक धरायला विसरतात. रेगालेइरा बागेतली प्रसिद्ध गोल विहीर म्हणजे सगळा जिनाच आहे. माझी सूचना अशी की, आपण दोघे आणि मुलीने पेना पाहावे, आणि आई-वडिलांनी त्या वेळात गावातलाच दोन उंच धुराड्यांचा राष्ट्रीय राजवाडा सावकाश पाहून चौकात चहा घ्यावा. सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे, हा आग्रह सोडला की ज्येष्ठांची सहलही आनंदाची होते.

आता आपला मूळ प्रश्न, गाडी की रेल्वे. लिस्बनमध्ये गाडी नको, हे निःशंकपणे सांगते. बोळ अरुंद, पार्किंग दुर्मीळ आणि महाग. लिस्बन ते तवीरा रेल्वेने जावे: ओरिएंत स्थानकाहून फारोपर्यंत मुख्य गाडी आणि तिथून सुमारे ४० मिनिटांची स्थानिक गाडी. पोर्तुगीज रेल्वेत ६५ वर्षांवरील प्रवाशांना वयाचा पुरावा दाखवल्यास निम्मे तिकीट पडते आणि मुलीलाही तेवढेच, म्हणजे आपल्या पाचांपैकी तिघे निम्म्या भाड्यात जातात. आगाऊ काढायच्या सवलतीच्या तिकिटांची वेगळी किंमत असते, ती पडताळून जे स्वस्त ते घ्यावे. संपाला तिथे ‘ग्रेव्ह’ म्हणतात आणि रेल्वेचे संप अधूनमधून होतात. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात तेवढी चौकशी करावी आणि संप असल्यास लांब पल्ल्याची बस घ्यावी. पाच जण असल्याने साध्या टॅक्सीत आपण मावणार नाही, ॲपवरून मोठी गाडी मागवावी लागेल, हे विमानतळावर उतरल्यावर नव्हे तर आधीच माहीत असावे.

तवीरात मात्र दोन दिवसांसाठी गाडी घेण्यात अर्थ आहे, जर आपल्याला रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याचा आत्मविश्वास असेल. आपला भारतीय परवाना आणि आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवेत. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या, बारा वर्षांखालील मुलांना विशेष आसन बंधनकारक आहे. ते गाडी नोंदवतानाच मागावे. आल्गार्व्हच्या लांबीभर जाणाऱ्या ए-२२ महामार्गावरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला आहे. इतर टोलमार्गांवर जायचे असेल तर गाडी देणाऱ्याकडून स्वयंचलित टोलयंत्र चालू करून घ्यावे, नाही तर रोख भरण्याची सोय नसलेल्या मार्गावरून नकळत जाऊन दंडाची पत्रे ठाण्यापर्यंत येतात.

एवढ्यावरून आराखडा असा होतो: लिस्बनमध्ये साल्दान्या भागात पाच रात्री, त्यात एक दिवस सिंत्रा आणि एक दिवस बेलें, नंतर तवीरात तीन रात्री, आणि तिसऱ्या सकाळी परत लिस्बनला येऊन विमान. ते विमान रात्रीचे असेल तरच असे करावे. दुपारचे असेल तर तवीराची एक रात्र कमी करून शेवटची रात्र लिस्बनमध्ये काढावी. मे महिन्यात सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणून दुपारी दोन ते पाच सरळ घरी विश्रांती घेऊन पुन्हा बाहेर पडता येते, आणि आईंसाठी तोच क्रम मी ठेवेन.

जेवणाबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या अनुभवात ज्येष्ठांचे हाल होतात ते इथेच. अडचण अशी की, वरून शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत मांस असते. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि कोबीवर्गीय हिरव्या पानांचे सूप आहे, पण त्यात शोरीसु नावाच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात. भाज्यांचे साधे सूप, ‘सोपा द लेगुमश’, बहुतेक ठिकाणी मिळते, तरी ते मांसाच्या रश्शात केलेले नाही ना, हे विचारावे. भाताच्या प्रकारांनाही हेच लागू आहे. सर्वांत मोठी फसगत समोशाने होते: गोव्यातून आणि मोझांबिकमधून तिथे गेलेला समोसा ‘शमुसा’ या नावाने कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कॅफेत काचेआड दिसतो, आणि तो बहुधा मांसाचा असतो. माझ्या पहिल्याच गटातल्या एका आजोबांनी ओळखीचा त्रिकोण पाहून आनंदाने तो उचलला आणि एका घासानंतर त्यांचा चेहरा उतरला; त्या दिवसापासून मी हे विमानात बसण्यापूर्वीच सांगते. ‘सें कार्न, सें पैश, सें ओव्हु’ म्हणजे मांस नको, मासा नको, अंडे नको, हे पोर्तुगीजमध्ये कागदावर लिहून आई-वडिलांच्या खिशात ठेवावे. अंडे न खाणाऱ्यांनी गोड पदार्थांपासून दूरच राहावे, कारण तिथली जुनी मिठाई मठांमध्ये अंड्याच्या पिवळ्या बलकावर घडलेली आहे. प्रसिद्ध ‘पश्तेल द नाता’ही त्यातलेच. ‘बान्या’ हा शब्दही लक्षात ठेवावा. त्याचा अर्थ डुकराची चरबी, आणि काही पारंपरिक बेकरी पदार्थांत ती असते.

मराठी माणसाला मेनू वाचताना एक सोय आहे. बटाटा तिथे ‘बताता’, पाव ‘पाँव’, अननस ‘अनानाश’, कोबी ‘कोव’. खोलीची चावी ‘शाव्ह’ आणि साबण ‘साबाँव’. यांतले बहुतेक शब्द तिथूनच आपल्याकडे आले आणि घरचे झाले. माझ्या गटातल्या आज्या हे शब्द फळ्यावर वाचून जेव्हा ओळखतात, तेव्हा त्यांची परकेपणाची भीती निम्मी कमी झालेली मला दिसते, म्हणून आपल्या आईंना ही यादी जरूर द्यावी.

घरगुती जेवणासाठी दोन जागा लक्षात ठेवाव्यात. मार्तीं मोनीशच्या परिसरात भारतीय आणि बांगलादेशी वाणसामानाची दुकाने आहेत, जिथे डाळ, पीठ, मसाले सगळे मिळते. तेल्येइराश भागात राधाकृष्ण मंदिर आहे, जे मुख्यतः मोझांबिकमार्गे पोर्तुगालला आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभारले, आणि तिथल्या भोजनालयात शाकाहारी जेवण मिळते. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. एरवी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे आणि सकाळ-रात्रीपैकी एक जेवण घरी करावे. हॉटेलांची स्वयंपाकघरे दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी पिशवीत काहीतरी ठेवावेच. टेबलावर न मागता ठेवलेले पाव, ऑलिव्ह आणि चीज हे फुकट नसतात. आपण मागितले नसेल आणि हात लावला नसेल तर त्याचे पैसे घेता येत नाहीत, हा तिथला कायदा आहे. नको असल्यास हसून परत करावे. बिलावरून वाद झालाच तर प्रत्येक आस्थापनेत तक्रारवही ठेवणे सक्तीचे आहे. ‘लिव्ह्रु द रेक्लामासोंइश’ एवढे शांतपणे म्हटले तरी बहुतेक वेळा बिल दुरुस्त होते.

व्हिसाचे काम आता हाती घ्यावे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मे महिन्यासाठी मी माझ्या गटांचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच लावते, कारण नंतर भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात. शुल्क प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५ युरो आहे, शिवाय अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. वडिलांचे वय आणि आधीचे आजार विम्यात खरे लिहावेत, कारण दावा नाकारला जातो तो याच कारणाने. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने असावी. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द न होणारी तिकिटे घेऊ नयेत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर पहिल्या प्रवेशाच्या वेळी छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. यामुळे लिस्बन विमानतळावर रांग लांबू शकते, म्हणून उतरल्याच्या दिवशी दुसरे कोणतेही आरक्षण ठेवू नये आणि आईंसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवावी.

पैशांबाबत थोडक्यात: रोख रक्कम ‘मुल्तिबांकु’ असे लिहिलेल्या बँकेच्या यंत्रातून काढावी, आणि यंत्राने रुपयांत हिशेब करू का असे विचारले तर नाही म्हणून युरोच निवडावा. काही छोट्या दुकानांत फक्त स्थानिक कार्डे चालतात, त्यामुळे थोडी रोकड लागतेच. लिस्बनमध्ये मुक्कामावर माणशी दर रात्री ४ युरो शहर कर आहे, जो तेरा वर्षांखालील मुलांना नाही, आणि तो बहुधा खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त घेतला जातो. मेट्रो, ट्राम आणि लोकलसाठी प्रत्येकाला स्वतंत्र ‘नावेगांत’ कार्ड घ्यावे, एका कार्डावर पाच जण जाऊ शकत नाहीत. आपल्याकडचा दोन गोल पिनांचा प्लग तिथे बसतो, तीन पिनांचा बसत नाही. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. साध्या दुखण्यासाठी हिरव्या क्रॉसची पाटी असलेले औषधाचे दुकान शोधावे, पण आई-वडिलांची रोजची औषधे पूर्ण दिवसांची, हातातल्या पिशवीत, औषधाच्या मूळ घटकाचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावीत.

बॅग भरताना पोहे, मेतकूट, चटण्या, लोणचे, खाकरा हे सगळे न्यावे. तूप, पेढे, बर्फी, पनीर मात्र काढून ठेवावे, कारण युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी आणण्यास बंदी आहे. आणि मे महिना असल्याने विशेष करून सांगते, हापूसही नेऊ नये. आफोंसो या पोर्तुगीज नावावरून त्या आंब्याचे नाव पडले असले, तरी वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय तो सीमेवर काढून घेतला जातो. आई-वडिलांना तो निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच पोटभर खाऊ घालावा.